इटियाडोहच्या उत्तर काठानं: दोघं, एक मोटारबोट आणि मे महिना

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना मध्येच आलेले ‘म्हणजे’ आणि ‘काय ते’ काढून टाकलेत. यांचा खोकला पण काढलाय. बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.

विषय निघाला तो माझ्या भाचीमुळे. ती आणि जावई स्टॉकहोमला राहतात. दर उन्हाळ्यात दोघं एक छोटी मोटारबोट घेऊन तीन आठवडे समुद्रकाठानं उत्तरेकडे जातात, बॉथनियाच्या आखाताकडे. रात्री दहा वाजता उजेडात बसून चहा पितानाचे फोटो पाठवतात. ते फोटो बघून बघून आमचे हे एक दिवस म्हणाले, “आपल्याकडे पाणी नाही का?”

आता आमचं घर गोंदियात. समुद्र इकडून गेलं काय नि तिकडून गेलं काय, शेकडो किलोमीटर लांब. पण पाणी नाही असं म्हणायची सोय नाही, कारण जिल्हाच तलावांचा. मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, गावोगाव. अर्जुनी-मोरगाव तालुक्यात नवेगावबांध, जो अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. आणि त्याच तालुक्यात गोठणगावजवळ गाढवी नदीवरचं इटियाडोह धरण, १९७० सालचं. मातीचं धरण आहे, भिंत पाचशे मीटरच्या थोडी वर लांब आणि साधारण तीस मीटर उंच. नवेगावबांधला राष्ट्रीय उद्यान आहे, मारुती चितमपल्लींमुळे तो महाराष्ट्राला माहीतही आहे. इटियाडोहवर मात्र कुणी फारसं लिहीत नाही. आम्ही ते निवडलं त्याचं कारण साधं होतं. तिथल्या एका मच्छीमार काकांच्या फायबरच्या बोटीचं इंजिन हे गेली सहा वर्षं दुरुस्त करून देतात. यांची सगळी नोकरी राईस मिलमधल्या मोटारी आणि डिझेल पंप खोलण्यात गेली. काका पैसे देतात ते हे घेत नाहीत. यंदा पहिल्यांदा म्हणाले, “पैसे नको, पाच दिवस बोट द्या.”

म्हणून हा भाग. मे महिन्यात, दोघं साठीच्या पुढचे, आठ हॉर्सपॉवरचं इंजिन लावलेल्या बोटीतून जलाशयाच्या उत्तर काठानं पाच सकाळी फिरलो. तसं कुणाला करायचं असेल तर काय माहीत असायला हवं, आणि आमचं काय चुकलं, ते सांगते.

आधी ओहोटी समजून घ्या. भाचीनं फोनवर सांगितलं की तिच्या समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. उलट तिथला किनारा वर येतोय. हिमयुगात त्या भागावर किलोमीटरभर जाडीचे बर्फाचे थर होते, त्यांच्या वजनानं जमीन दबली होती, ती बर्फ वितळल्यावर हजारो वर्षं हळूहळू उठतेय. त्या उंच किनाऱ्याजवळ वर्षाला आठेक मिलिमीटर. आजोबांनी बांधलेला बोटीचा धक्का नातवाच्या वेळी कोरडा पडतो म्हणे.

आमच्या धरणाला वर्षात एकच ओहोटी असते आणि ती सहा-सात महिने चालते. पावसाळ्यात भरतं, मग रब्बीला पाणी सुटतं, मग उन्हाळी धानाला. कालव्यानं ते पाणी आमच्या तालुक्यातून पुढे भंडाऱ्यातल्या लाखांदूरकडे आणि गडचिरोलीतल्या देसाईगंज-आरमोरीकडे जातं. त्यात मे महिन्यात नुसतं ऊनच दिवसाला आठ-दहा मिलिमीटर पाणी पिऊन टाकतं. म्हणजे तिचा किनारा वर्षभरात जेवढा उठतो, तेवढं आमचं पाणी एका दिवसात उतरतं, कालवा बंद असला तरी. कालवा चालू असेल तर विचारूच नका. काका म्हणतात तसं, “पानी रोज पाय मागं घेते.”

याचा अर्थ असा की उन्हाळ्यात ‘काठ’ नावाची ठरलेली जागा नसते. सोमवारी जिथून बोट गेली तिथे शुक्रवारी चिखल असतो. नकाशात दाखवलेली निळी कड ही भरलेल्या धरणाची असते. मोबाइलवर बघून बोट चालवली तर तुम्ही नकाशात पाण्याच्या मधोमध असता आणि प्रत्यक्षात गाळपेरीच्या शेतात. (गाळपेर म्हणजे पाणी उतरल्यावर मोकळ्या झालेल्या गाळाच्या जमिनीत केलेलं पीक. आम्हाला एका कोपऱ्यात डांगराची वाडी दिसली. राखणदार पोरानं आमच्याकडे असं बघितलं, जणू आम्ही मोटारसायकल घेऊन त्याच्या अंगणात शिरलोय.)

मग उत्तर काठच का? वाऱ्यामुळे. आपल्या भागात उन्हाळ्यात वारा बहुतेक पश्चिमेचा नाहीतर वायव्येचा असतो. सकाळी तो झोपलेला असतो, नऊ-दहाला जागा होतो. वारा ज्या बाजूनं येतो त्या काठाजवळ पाणी शांत राहतं, कारण लाट उठायला वाऱ्याला मोकळ्या पाण्यावर काही अंतर धावावं लागतं. जितकी धाव लांब, तितकी लाट मोठी. उत्तर काठाला ती धाव मिळत नाही, दक्षिण काठाला पोचेपर्यंत मिळते. धरणातल्या लाटा समुद्रासारख्या लांबलचक नसतात, आखूड आणि उभ्या असतात, एकीतून सावरेपर्यंत दुसरी येते. सपाट बुडाच्या छोट्या बोटीला त्याच जास्त त्रास देतात. मे महिन्यात दुपारनंतर अवकाळीचे ढग आले तर वारा पाच मिनिटांत फिरतो, मग कुठलाच काठ आडोशाचा राहत नाही. काकांचा नियम सरळ आहे. साडेपाचला, सूर्य उगवताना निघायचं, दहाच्या आत बोट बांधायची. ढग दिसला की नाश्ता राहिला तरी चालेल.

परवानगीबद्दल दोन वाक्यं, कारण ईमेल येतीलच. धरण पाटबंधारे खात्याचं असतं, मासेमारीचा ठेका संस्थेकडे असतो, आणि काठाचा काही भाग जंगलाला लागून असेल तर तिथे वनखात्याचे नियम लागतात. तिन्हीकडे विचारायचं. आणि इंजिनाची बोट म्हटली की २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आला, ज्यानं १९१७ चा जुना कायदा बदलला. नोंदणी, विमा, जीवरक्षक साधनं, सगळं त्यात येतं. लाइफ जॅकेट आम्ही पाचही दिवस घातलं. उकडतं, हे खरं. काकांचा नातू आम्हाला बघून हसला, हेही खरं.

पहिल्या दिवशी काका बरोबर आले. त्यांनी बोट कमी दाखवली, पाणी जास्त दाखवलं. त्यांचं बालपण डोंग्यात गेलं, एका खोडातून कोरलेल्या. डोंगा बोटभर पाण्यातूनही सरकतो आणि खाली काय आहे ते वल्ह्याला कळतं. मोटारबोटीचं तसं नाही. पंखा बुडाच्याही खाली लटकलेला असतो आणि इंजिनाच्या आवाजात हाताला काहीच कळत नाही. त्यामुळे डोळ्यांनी वाचावं लागतं. बेशरमाच्या झुडपांचे शेंडे पाण्यातून वर आलेत, तिथे खोली कमरेएवढी. पाण्याचा रंग हिरव्याचा तपकिरी झाला की चिखल जवळ आला. पाण्यावर कारण नसताना एकाच जागी सुरकुती पडतेय, तर खाली खुंट आहे.

खुंटांचं सांगायला हवं. धरण भरलं तेव्हा दरीतलं जंगल पाण्याखाली गेलं. पाण्याखाली कायम बुडालेलं लाकूड सहजासहजी कुजत नाही, कारण कुजवणाऱ्या जीवांना लागणारी हवा तिथे पुरेशी नसते. जे दरवर्षी ओलं-सुकं होतं त्याचं बाहेरचं लाकूड गळून जातं आणि आतला कठीण गाभा उरतो, काळा, टोकदार. पन्नास वर्षांवरचे हे खुंट मे महिन्यात पाण्याच्या पृष्ठभागाखाली वीतभर असतात. जूनमध्ये ते दिसतात, जानेवारीत ते खोल असतात, धोका फक्त या दिवसांत.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघंच होतो आणि पाऊण तासात एका खुंटावर आदळलो. ‘टक्’ असा आवाज आला. इंजिन जोरात ओरडायला लागलं आणि बोट मात्र जागची हलेना. मला वाटलं, संपलं. हे मात्र खूश. “पिन गेली,” म्हणाले, “म्हणजे सगळं बरोबर आहे.” जुन्या छोट्या इंजिनांत पंखा दांड्यावर एका मऊ धातूच्या पिनेनं अडकवलेला असतो. पंखा कशावर आपटला की ती पिन मोडते आणि गिअर वाचतात. विजेच्या फ्यूजसारखंच. पाच-दहा रुपयांची वस्तू मोडावी म्हणूनच बनवलेली. यांनी इंजिन वर उचललं, पकडीनं तुकडे काढले, नवी पिन घातली, वीस मिनिटं. सुट्या पिना आम्ही सहा नेल्या होत्या, पाच दिवसांत तीन लागल्या. पकड मात्र दोरीनं बोटीला बांधून ठेवा. हे मी अनुभवानं सांगत नाहीये, यांच्या चेहऱ्यावरून सांगतेय, एकदा ती पाण्यात पडता पडता राहिली.

पेट्रोलचा हिशोब तीन भागांचा. एक भाग जायला, एक यायला, एक हातात. असं इंजिन मध्यम वेगानं तासाला दोन ते तीन लिटर पितं. पाण्यात पंप नसतो, आणि गोठणगावात बाटलीतून पेट्रोल मिळेल या भरवशावर निघू नये.

जाळ्यांचं मला आधी वाटलं होतं त्यापेक्षा जास्त लक्ष ठेवावं लागलं. उन्हाळ्यात खोल पाण्याचे थर पडतात. वरचं पाणी तापतं आणि हलकं होतं, खालचं थंड आणि जड राहतं, दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. खालच्या थरात वरून नवी हवा पोचत नाही आणि तळाशी सडणाऱ्या पाल्यापाचोळ्यात असलेली हवाही संपत जाते. त्यामुळे मासे वरच्या थरात येतात. मासे वर, म्हणून जाळी वर. म्हणून जाळी नेमकी पंख्याच्या उंचीला. जाळ्याच्या वरच्या दोरीला रिकाम्या पाण्याच्या बाटल्या बांधलेल्या असतात, त्यांची रांग दिसली की कितीही लांब असो, टोकाला वळसा घालायचा. मधून जायचं नाही. एक जाळं म्हणजे एका घराची कमाई असते आणि ते फाडून ‘सॉरी’ म्हणायला आपण शहरातून आलेलो असतो. काका पहिल्या दिवशी एवढं एकच आवाज चढवून बोलले.

तिसरा दिवस. हा भाग खरं तर मी त्या दिवसासाठी केलाय.

आम्ही लवकर निघालो, दोन खाड्या पार केल्या. खाडी म्हणायची सवय भाचीमुळे लागली, खरं तर ते नाल्यांचे बुडालेले तोंड. पाणी आरशासारखं होतं. दूर डोंगराची निळी रेघ होती. हळदी-कुंकू बदकांच्या दोन जोड्या बोटीपुढून उठून परत मागे जाऊन बसल्या. हिवाळी पाहुणे तर मार्चमध्येच गेलेले. साडेनऊच्या सुमारास ऊन लागायला लागलं आणि समोर काठापासून तीस-चाळीस मीटरवर एक उघडं पडलेलं टेकाड दिसलं. रेताड, खडबडीत, वर एक झुडूप नाही. बेटच ते. आमच्या मनात स्वीडन. मी म्हटलं, “अहो, इथेच डबा खाऊ.” यांनी बोट सरळ रेतीवर चढवली.

उतरल्या उतरल्या पाखरं डोक्यावर आली. दहा-बारा असतील. करडी-पांढरी, काळी टोपी, पिवळीधमक चोच, शेपटी कात्रीसारखी. एवढी जवळ की पंखांचा वारा लागला. मी तेव्हा काय बोलले ते रेकॉर्डिंगमध्ये आहे आणि मी ते काढून टाकलेलं नाही. मी म्हणाले, “किती छान स्वागत करतात!”

(ज्यांनी भाग ऐकलाय त्यांनी ते आवाज ऐकलेत. ते स्वागताचे नाहीत.)

यांनी सतरंजी टाकायला जागा बघितली आणि थांबले. “अगं, पाय हलवू नको.” माझ्या चपलेपासून वीतभर अंतरावर रेतीत एक उथळ खळगा होता, त्यात तीन अंडी. रेतीच्याच रंगाची, वर तपकिरी ठिपके. काडी नाही, गवत नाही, घरटं म्हणावं असं काही नाही. मग नजर बसली तशी दुसरा खळगा दिसला, मग तिसरा.

नदी सुरय म्हणतात त्या पक्ष्याला. मोठ्या नद्या आणि धरणांवर वर्षभर राहतो, मासे पकडतो. अंडी घालायला त्याला हवी असते उघडी रेती, चारी बाजूंना पाणी, म्हणजे कोल्हा-कुत्रा पोचणार नाही. पूर्वी ही जागा उन्हाळ्यात नदीच्या पात्रात मिळायची. आता नद्यांवर बांध, वाळूचा उपसा, पात्रात माणसांची वर्दळ, म्हणून धरणात उघड्या पडणाऱ्या अशा टेकाडांवर तो येतो. मार्च ते मे. जगभरच्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या यादीत आता तो ‘असुरक्षित’ वर्गात आहे.

आणि उन्हात त्याची आई अंडी उबवत नसते. हे मला त्या दिवशी संध्याकाळी वाचून कळलं, आणि मग झोप लागली नाही. सकाळी नऊनंतर ती अंड्यांवर बसते ती सावली करायला. आपल्याकडच्या मे महिन्यात उघडी रेती दुपारी पन्नास अंशांच्या पुढे तापते. अंड्यातला जीव साधारण सदतीस-अडतीस अंशांना वाढतो, चाळिशीच्या बराच वर गेला की फार वेळ टिकत नाही. टिटवी आणि अशी जमिनीवर अंडी घालणारी काही पाखरं पोटाची पिसं पाण्यात भिजवून येतात आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसतात. म्हणजे आम्ही उभे होतो तेवढा वेळ दहा-बारा घरट्यांवरची छत्री उडालेली होती.

हे त्या वेळी सगळं माहीत नव्हतं. एवढं मात्र कळलं की इथून निघायचं. आम्ही आपापल्याच पावलांवर पाय ठेवत मागे आलो, बोट ढकलली आणि इंजिन सुरू होईना. बोट रेतीवर चढवताना यांनी इंजिन वर उचललं नव्हतं, त्यामुळे थंड पाणी ओढायचं भोक चिखलानं भरलेलं. त्यात घाईत चोक ओढून ओढून कार्बोरेटरमध्ये पेट्रोल जास्त झालं. पन्नास वर्षं इंजिनं खोललेला माणूस, पण डोक्यावर पाखरं ओरडत होती आणि हातांना घाम. दोरी ओढायची, ‘फट्’, बंद. परत. परत. बोट टेकाडापासून जेमतेम पंधरा हात लांब.

मी म्हटलं, “मोटार सोडा, बांबू घ्या.” काकांनी बोटीत एक लांब बांबू ठेवलेला होता, आम्ही पहिल्या दिवशी तो अडचण म्हणून बाजूला सरकवला होता. तो तळाला टेकवून मी रेटायला लागले. साठी ओलांडलेली, निवृत्त शिक्षिका, लाइफ जॅकेटमध्ये, बांबू हातात. हसू आलं तर हसा, मला नाही आलं. बोट हळूहळू सरकली. शंभरेक मीटर गेल्यावर पहिलं पाखरू खाली उतरलं. मग दुसरं. मी घड्याळ बघितलं. आम्ही बोट लावल्यापासून चोवीस मिनिटं झाली होती.

रात्री भाचीला फोन केला. तिनं ऐकून घेतलं आणि सांगितलं की त्यांच्याकडे काही बेटांवर पाट्या असतात. घरट्यांच्या महिन्यांत तिथे उतरायचं नाही, शंभरेक मीटरच्या आत यायचंही नाही. बोटीच्या नकाशांवरही त्या जागा आखलेल्या असतात. “पहिल्या वर्षी आम्हाला वाटलं, केवढी ती बंधनं,” म्हणाली. मी विचारलं, पाटी नसती तर? ती म्हणाली, “मग आम्ही पण डबा उघडला असता, मावशी.”

आमच्या बेटावर पाटी लावता येत नाही, कारण ते बेट दरवर्षी वेगळ्या जागी, वेगळ्या आठवड्यात जन्मतं. कोणत्या टेकाडावर पाखरं बसतील ते पाणी किती भरलं, कालवा कधी सुटला, यावर ठरतं. हे ज्याला माहीत असतं तो रोज पाण्यावर असणारा माणूस. चौथ्या दिवशी सकाळी आम्ही बोट न्यायच्या आधी काकांना सगळं सांगितलं. मला वाटलं, रागावतील. ते म्हणाले, “त्या टेकरावर आमी पाय नाही देत मॅडम. तिथं पाखराची अंडी रायतेत, उन्हारा लागला का.” मग मी विचारलं, तुम्ही आम्हाला पहिल्या दिवशी का नाही सांगितलं? ते जरा गप्प राहिले. म्हणाले, पहिल्या दिवशी ते टेकाड पाण्यातून एवढं वर नव्हतं, आणि कुणी तिथे बसून जेवेल असं त्यांच्या मनातच आलं नाही. उन्हात, सावली नसलेल्या जागी, कोण जेवतं?

बरोबर होतं त्यांचं.

पण त्यांनी दुसरीच काळजी सांगितली. पाणी अजून हात-दीड हात उतरलं की ते टेकाड काठाला जोडलं जाईल. मधला पट्टा उथळ आहे. मग गावची कुत्री चालत जातील, ढोरं जातील. म्हणजे ज्या उतरणाऱ्या पाण्यानं पाखरांना ती जागा दिली, तेच पाणी आणखी उतरलं की ती काढून घेणार. अंड्यातून पिल्लू निघायला तीन आठवडे लागतात, उडायला त्यापुढे आणखी काही आठवडे. इकडे खाली धानाला पाणी हवं, ते सोडू नका असं कोण म्हणणार? मी नाही म्हणणार, तांदूळ आम्हीही खातो.

चौथ्या दिवशी आम्ही उलट्या बाजूला गेलो. वारा लवकर उठला, आठलाच परतलो. दुपारी गोठणगावच्या तिबेटी वसाहतीत गेलो, १९७२ पासून आहे ती. हिवाळाभर स्वेटर विकायला बाहेर असलेली मंडळी उन्हाळ्यात घरी असतात, त्यामुळे मे महिन्यात तिथे गजबज असते. त्यावर एक वेगळा भाग करायचाय.

पाचव्या दिवशी टेकाडाकडे गेलो, पण लांबून. इंजिन दोनशे मीटरवर बंद केलं, कारण बोटीची लाट पाण्यालगतच्या खळग्यांपर्यंत पोचते. नंतर बांबू. दुर्बिणीतून बघितलं. नऊ पाखरं बसलेली होती. माझ्या चपलेजवळचा खळगा कुठला, ते बघायचा प्रयत्न केला. साधारण त्या जागी एक होतं बसलेलं, चोच उघडी, धापा टाकत. बसलं आहे याचा अर्थ आत जीव आहे असा नसतो. मेलेल्या अंड्यांवरही ती दिवसच्या दिवस बसतात.

आम्ही गोंदियाला परत आलो. हे रोज संध्याकाळी काकांना फोन करायचे. आधी इंजिनाची चौकशी, मग, “पाणी किती?” मला मागून ऐकू यायचं. मेच्या शेवटी एक दिवस उत्तर आलं, जुडलं. टेकाड काठाला जुडलं. यांनी विचारलं, मग? काकांच्या दोन्ही नातवांनी त्या अरुंद पट्ट्यावर बाभळीच्या काट्या आडव्या टाकल्या होत्या, शेताच्या कुंपणाला टाकतात तशा. वनखात्यात कुणाला सांगितलं नव्हतं, संस्थेच्या बैठकीत विषय झाला नव्हता. शाळेला सुट्टी, पोरं रिकामी. काट्यांनी कुत्रं थांबतं का? काका म्हणाले, भुकेलं नसलं तर थांबते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात काकांनी स्वतः फोन केला. कधी नाही ते. डोंग्यातून जाताना टेकाडाच्या कडेला चार-पाच पिल्लं पळताना दिसली म्हणाले, रेतीच्या रंगाची, थांबली की दिसत नाहीत. एका बाजूचे खळगे मात्र रिकामे होते, कशानं ते कळलं नाही.

त्या पिल्लांतलं एखादं आमच्या चपलेजवळच्या खळग्यातलं होतं का, हे विचारण्यात काही अर्थ नव्हता. यांनी विचारलंच. काका म्हणाले, “आता ते मी कसं सांगू साहेब?” आणि मग कार्बोरेटर परत गळतोय, रविवारी येता का, असं विचारून फोन ठेवला.

रविवारी जातोय. पिना घेऊन, पकड दोरीला बांधून. बोट पाण्यात घालणार नाही, पाऊस जवळ आलाय.